कापलेलं कडवं

१९४२ साल. लुईझियानात चांदण्या रात्री एका पलटणीचं प्रशिक्षण चाललंय. वाटेत नदी आडवी येते. कॅप्टन म्हणतो, चला पलीकडे. सार्जंट दबकत सांगतो, साहेब, एवढं ओझं पाठीवर घेऊन पोहता यायचं नाही. कॅप्टन त्यालाच भित्रा ठरवतो आणि पुढे निघतो. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला लागतं. मग चंद्र ढगाआड जातो, एक गुदमरलेली हाक ऐकू येते आणि कॅप्टनचं शिरस्त्राण तेवढं पाण्यावर तरंगताना दिसतं. सार्जंट सगळ्यांना माघारी फिरवतो, म्हणून बाकीचे वाचतात.

पीट सीगरच्या 'वेस्ट डीप इन द बिग मडी' या गाण्यात एवढीच गोष्ट आहे. त्यात व्हिएतनाम हा शब्द नाही, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनचं नाव नाही. फक्त अखेरीला गायक म्हणतो की मी काही तात्पर्य सांगत बसणार नाही, पण वर्तमानपत्र उघडलं की ती रात्र आठवते आणि तो मूर्ख अजून पुढेच चला म्हणतोय असं वाटतं. सप्टेंबर १९६७ मध्ये सीबीएस या बलाढ्य टीव्ही नेटवर्कला हे अखेरचं कडवं खुपलं. ते गाळा, असा निरोप गेला. सीगर म्हणाला, गाईन तर पूर्ण. मग कात्री चालली. १० सप्टेंबरच्या रविवारी रात्री नऊ वाजता 'द स्मदर्स ब्रदर्स कॉमेडी अवर' सुरू झाला, सीगर पडद्यावर आला, गायलासुद्धा, पण ही नदी त्या कार्यक्रमात कुठेच नव्हती.

चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच आहे. याच सीबीएसने ऑगस्ट १९६५ मध्ये, संध्याकाळच्या बातम्यांत, व्हिएतनाममधल्या काम ने गावात अमेरिकी सैनिक सिगारेट लायटरने झोपड्यांची छपरं पेटवत असल्याचं चित्रण अख्ख्या देशाला दाखवलं होतं. मॉर्ली सेफर या बातमीदाराने ते पाठवलं होतं. जॉन्सन भयंकर संतापले, तरी बातमी दाखवली गेली. जळती झोपडी दाखवायला जे नेटवर्क कचरलं नाही, ते पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका नदीला का घाबरलं?

याचं उत्तर हवं असेल तर अमेरिकी टीव्हीचं यंत्र उघडून बघावं लागतं, आणि ते मोठं नवलाचं आहे. आपल्याला वाटतं, सीबीएस म्हणजे एक वाहिनी, बटण दाबलं की देशभर तेच. प्रत्यक्षात नेटवर्ककडे देशभर दिसण्याचा परवाना नसतोच. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, परवाना देतं ते गावोगावच्या स्टेशनांना. त्या काळात एका कंपनीला जास्तीत जास्त सात टीव्ही स्टेशनं बाळगता येत. सीबीएसच्या स्वतःच्या मालकीची पाच होती. बाकी सगळी दुसऱ्यांची: कुठे वृत्तपत्राच्या मालकाची, कुठे विमा कंपनीची, कुठे गावातल्या एखाद्या श्रीमंत घराण्याची. ती नेटवर्कशी करार करून त्याचे कार्यक्रम दाखवत. त्यांना संलग्न स्टेशनं म्हणतात. कार्यक्रम आवडला नाही तर तो न दाखवण्याचा हक्क त्यांना होता, आजही आहे. शिवाय परवाना दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावा लागे. म्हणजे अलाबामातल्या स्टेशनमालकाला एकाच वेळी तीन जणांची मर्जी राखायची असे: गावातले प्रेक्षक, गावातले जाहिरातदार आणि वॉशिंग्टनचे परवाना देणारे. त्याची नाराजी पुरेशी वाढली की न्यूयॉर्कच्या मुख्यालयातला फोन वाजे.

बातम्यांना या यंत्रात थोडं संरक्षण होतं. बातम्यांचं खातं वेगळं, त्याचा रुबाब वेगळा. बातम्या दाखवल्या की परवान्याच्या वेळी लोकसेवा केली असं सांगता येई. करमणुकीला असं कवच नव्हतं. करमणुकीने पैसा आणायचा आणि कुणाला दुखवायचं नाही. बातम्यांतली जळती झोपडी ही घडलेली गोष्ट होती. रविवारी रात्री पोराबाळांसकट बसलेल्या घरात एक हसतमुख माणूस बँजो घेऊन गातो, तेव्हा ते मत होतं, आणि तेही दुसऱ्या दिवशी गुणगुणता येईल असं मत.

जाहिरातदाराची नजर किती बारीक असे, याचा मासला एनबीसी या दुसऱ्या नेटवर्कवर मिळतो. १९६८ च्या वसंतात ब्रिटिश गायिका पेट्युला क्लार्कच्या खास कार्यक्रमात हॅरी बेलाफॉन्टे पाहुणा होता. दोघं मिळून युद्धाविरुद्धचं एक गाणं गात होते. गाता गाता तिने त्याच्या हाताला हात लावला. ती गोरी, तो काळा. प्रायोजक होती क्रायस्लरची प्लिमथ मोटार. चित्रीकरणाला हजर असलेल्या कंपनीच्या माणसाने आग्रह धरला की दोघं लांब उभे असतील ते चित्रण वापरा. क्लार्क आणि तिच्या नवऱ्याने काय करावं? त्यांनी बाकीची चित्रणं नष्टच करून टाकली. हात लावलेलं एकच उरलं. शेवटी तेच दाखवावं लागलं. गाण्याचे शब्द युद्धाबद्दलचे होते आणि भीती वाटली ती हाताला लागलेल्या बोटांची!

आता त्या दोन भावांकडे येऊ. टॉम आणि डिक स्मदर्स. वडील लष्करात अधिकारी, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत वारलेले. म्हणजे पोरं काही मुळात बंडखोर घराण्यातली नव्हेत. लाल कोट, नीट विंचरलेले केस, टॉमच्या हातात गिटार, डिककडे डबल बास. जुनी लोकगीतं गायला सुरुवात करायची आणि मध्येच टॉमने अडखळायचं, गाण्यातल्या शब्दावरून भलताच फाटा फोडायचा, डिकने वैतागून त्याला दटावायचं, आणि टॉमने रडवेल्या आवाजात आईचा जीव तुझ्यावरच जास्त होता हे गाऱ्हाणं काढायचं. तमाशाची बतावणी पाहिलेल्याला हे लगेच कळेल: सोंगाड्या वेडपटपणाचं सोंग घेतो म्हणूनच त्याला पाटलापासून मंत्र्यापर्यंत कुणालाही चिमटा काढता येतो. टॉम हा खरा सोंगाड्या होता. पडद्यावरचा बावळट आणि पडद्यामागे कार्यक्रमाची एकेक चौकट स्वतः ठरवणारा, नेटवर्कशी हुज्जत घालणारा हट्टी माणूस.

कार्यक्रम सुरू झाला फेब्रुवारी १९६७ मध्ये. रविवारी नऊ वाजता एनबीसीवर 'बोनान्झा' ही घोडेस्वारांची मालिका असे आणि तिच्यापुढे सीबीएसचा एकेक कार्यक्रम आडवा होत होता. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून ही जागा या दोन गोड पोरांना मिळाली. तरुण प्रेक्षक तुटून पडले. आणि मग सीबीएसच्या लक्षात आलं की ही पोरं तितकीशी गोड नाहीत. पॅट पॉलसन नावाचा मख्ख चेहऱ्याचा विनोदवीर अग्रलेख वाचल्याच्या थाटात बंदुकांपासून लष्करभरतीपर्यंत सगळ्यावर उलटंसुलटं बोले. १९६८ मध्ये तर तो राष्ट्राध्यक्षपदाला 'उभा'च राहिला. लेखकांत स्टीव्ह मार्टिन आणि रॉब रायनर हे विशीतले पोरगे होते. सेन्सॉरचं काम करणाऱ्या खात्याला सीबीएसमध्ये 'प्रोग्रॅम प्रॅक्टिसेस' असं निरागस नाव होतं. एलेन मे आणि टॉम यांनी चित्रपटाच्या सेन्सॉरवाल्यांची टर उडवणारा एक प्रवेश केला, तर सेन्सॉरने तो प्रवेशच उडवला. यापुढे विनोद कोण काय करणार.

प्रत्येक प्रवेशाची संहिता आधी वाचली जाई. ओळीवर खूण करून हा शब्द काढा, तो बदला, असं सांगता येई. विनोद तसा मोडता येतो, एक शब्द बदलला की संपतो. गाण्याचं तसं नाही. चालीत बांधलेली ओळ काढली तर भोक दिसतं. गाणाऱ्याचा चेहरा, ठेका, श्रोत्यांनी धरलेला ताल, यांतलं काहीच कागदावर उतरत नाही. शिवाय अशा कार्यक्रमात गाणं हे मध्यंतरासारखं मानलेलं असतं: आता दोन मिनिटं डोकं बाजूला ठेवा. स्मदर्स बंधूंचं सगळ्यात धारदार राजकारण नेमकं त्या दोन मिनिटांत घडलं, असं माझं मत आहे. त्यांचे तेव्हाचे कितीतरी प्रवेश आज शिळे वाटतात, तिसऱ्या वर्षी तर काही ठिकाणी चक्क प्रवचन होतं. गाणी मात्र अजून टोचतात.

सीगरला बोलावणं हेही मुळात धाडसच होतं. आपल्या शाळांतून म्हटलं जाणारं 'हम होंगे कामयाब' ज्या अमेरिकी गाण्यावरून आलं, ते घरोघर पोचवणाऱ्यांतला हा माणूस. ऐन उमेदीत तो कम्युनिस्ट पक्षात होता. ऑगस्ट १९५५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्याला बोलावून विचारलं की अमुक सभेत गायलास का, तमुक लोकांपुढे गायलास का. स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेणं ही तेव्हाची सोयीची वाट होती. सीगरने ती घेतली नाही. माझी मतं आणि माझी संगत हा माझा प्रश्न, तुमचा नाही, एवढंच तो म्हणत राहिला आणि वर, ती गाणी कोणती होती ते हवं तर सांगतो, अशी तयारी दाखवली. समितीला गाण्यांत रस नव्हता. १९६१ मध्ये काँग्रेसच्या अवमानाबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा झाली, १९६२ मध्ये अपिलात ती रद्द झाली. टीव्ही नेटवर्कांचं दार मात्र या चौकशीच्याही आधीपासून बंद होतं, ते बंदच राहिलं. एकूण सतरा वर्षांनी ते उघडलं, आणि उघडताक्षणी त्याने आत आणली ती ही नदी. गंमत अशी की हे गाणं ज्या तबकडीवर होतं ती काढली होती कोलंबिया रेकॉर्ड्सने, आणि कोलंबिया रेकॉर्ड्स सीबीएसच्याच मालकीची. दुकानात विकायला चालणारं गाणं पडद्यावर चालत नव्हतं.

कात्रीची बातमी वर्तमानपत्रांत गाजली. टॉमने ती गाजेल अशी व्यवस्थाही केली. मग जानेवारी १९६८ च्या अखेरीला व्हिएतनाममध्ये शत्रूचं टेट आक्रमण झालं. युद्ध जिंकत आलोय हा सरकारचा दावा महिन्याभरात पोकळ दिसू लागला. आणि सीबीएसने सीगरला पुन्हा येऊ दिलं. २५ फेब्रुवारी १९६८. त्याने आधी अमेरिकेच्या एकेका जुन्या युद्धातली गाणी गायली आणि त्या ओळीत अखेरीला ही नदी आणून ठेवली, सगळ्या कडव्यांसकट. देशभर ती दिसली. फक्त डेट्रॉइटच्या स्थानिक स्टेशनने अखेरचं कडवं तेवढं कापलं. संलग्न स्टेशन म्हणजे काय, हे याहून नेमकं कुणी समजावून सांगू शकणार नाही.

दोनच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, सीबीएसचा सर्वांत विश्वासार्ह वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट याने हे युद्ध कोंडीत अडकलंय असं मत स्वतःच्या तोंडाने सांगितलं. गाण्यामुळे त्याने ते सांगितलं असं मुळीच नाही. तो नुकताच व्हिएतनाम पाहून आला होता. पण एकाच आठवड्यात, एकाच नेटवर्कवर, करमणूक आणि बातमी एकाच नदीच्या काठाशी आली, एवढं खरं. ३१ मार्चला जॉन्सननी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं.

जॉन्सन हे पात्र या गोष्टीत फार मजेशीर आहे. ओव्हल ऑफिसात त्यांनी तीन टीव्ही शेजारी शेजारी ठेवले होते, तिन्ही नेटवर्क एकदम बघायला. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन त्यांचे मित्र. आणि टेक्ससच्या ऑस्टिन शहरात जॉन्सन कुटुंबाच्या कंपनीचं स्वतःचं टीव्ही स्टेशन होतं, केटीबीसी, तेही सीबीएसशी संलग्न. म्हणजे हा माणूस एकाच वेळी परवाना देणाऱ्या सरकारचा प्रमुख, परवानाधारक कुटुंबाचा कर्ता आणि कार्यक्रमातल्या थट्टेचा विषय! जॉन्सननी माघार घेतल्यावर टॉमने त्यांना पत्र लिहिलं की आमच्याकडून कधी मर्यादा सुटली असेल. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांचं उत्तर आलं: चतुर विनोदी लोकांचं लक्ष्य होणं ही या देशाचं नेतृत्व करण्याची किंमतच आहे, आणि स्वतःवर हसता येणार नाही इतके आपण कधी गंभीर होऊ नये, अशा अर्थाचं. या संतापी माणसाने ते लिहावं, हे वाचून मला दर वेळी थक्क व्हायला होतं.

नेटवर्क तितकं उदार नव्हतं. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन झालं आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांनी युद्धविरोधी तरुणांना अक्षरशः झोडपून काढलं. सप्टेंबरात नवा हंगाम सुरू होताना हॅरी बेलाफॉन्टेने कॅलिप्सोतलं एक उत्सवाचं गाणं गायलं आणि त्याच्यामागे शिकागोतली मारहाणीची दृश्यं फिरवली. कॅलिप्सोचा हा जुना धंदा आहे. त्रिनिदादमध्ये कार्निव्हलच्या नाचऱ्या ठेक्यावर गव्हर्नरची, पोलिसांची, महागाईची खिल्ली उडवायची रीत होती. १९३० च्या दशकात ब्रिटिश सरकारने तिथे गाण्यांच्या शब्दांवर नजर ठेवणारा कायदाच केला होता. बेलाफॉन्टेने तोच ठेका कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओत आणला. वर आनंदाचं गाणं, खाली लाठ्या. सीबीएसने सबंध गाणं काढलं, आणि त्या मोकळ्या झालेल्या वेळात निक्सन-ॲग्न्यू यांच्या प्रचाराची जाहिरात विकली. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्तच होतंय.

गायिका जोन बायेझच्या वेळची कात्री याहून बारीक होती. मार्च १९६९ मध्ये तिने आपलं गाणं नवऱ्याला, डेव्हिड हॅरिसला, अर्पण केलं आणि सांगितलं की तो तुरुंगात जाणार आहे, कारण त्याने सैन्यभरतीला नकार दिला. कार्यक्रम तीन आठवडे उशिरा दाखवला गेला. त्यात तो तुरुंगात जाणार हे राहिलं, का जाणार ते गेलं. बघणाऱ्याला वाटावं, बाईच्या नवऱ्याने बँक लुटली की काय.

संलग्न स्टेशनांना कार्यक्रम आधी पाहता यावा म्हणून ध्वनिचित्रफीत काही दिवस अगोदर पोचवायची, अशी अट होती. एप्रिल १९६९ मध्ये एक फीत वेळेत आली नाही, असं सीबीएसने म्हटलं. भाऊ म्हणाले, आली होती. ४ एप्रिलला तारेने काढून टाकल्याचा निरोप मिळाला. पुढच्या हंगामासाठी कार्यक्रमाला मुदतवाढ मिळून तीनच आठवडे झाले होते. जूनमध्ये त्याच्या लेखकांना एमी पुरस्कार मिळाला. त्याच महिन्यात भावांच्या जागी 'ही हॉ' आला: मक्याचं शेत, गवताच्या गंजी, कंट्री संगीत आणि निरुपद्रवी ग्रामीण विनोद. पण गाणी भरपूर! भावांनी खटला भरला आणि १९७३ मध्ये त्यांना सुमारे पावणेआठ लाख डॉलर मिळाले. तोवर त्यांची वेळ टळून गेली होती.

हे यंत्र अजून चालू आहे. फक्त गावोगावचे मालक जाऊन शेकडो स्टेशनं बाळगणाऱ्या नेक्सस्टार, सिंक्लेअरसारख्या कंपन्या आल्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर एबीसी नेटवर्कचा विनोदी सूत्रधार जिमी किमेल जे बोलला त्यावरून एफसीसीच्या अध्यक्षांनी जाहीर इशारा दिला, या दोन कंपन्यांनी आपल्या एबीसी स्टेशनांवरून त्याचा कार्यक्रम काढला आणि एबीसीने तो थांबवला. सहा दिवसांनी तो परतला, पण या कंपन्यांच्या सुमारे सत्तर स्टेशनांवर आणखी काही दिवस दिसला नाही. नेक्सस्टारचा एक मोठा व्यवहार तेव्हा एफसीसीच्या मंजुरीची वाट पाहत होता.

त्याआधी जुलैमध्ये सीबीएसने स्टीफन कोल्बेअरचा 'लेट शो' मे २०२६ मध्ये बंद करण्याची घोषणा केली. तीनच दिवस आधी कोल्बेअरने मालक कंपनी पॅरामाउंटने ट्रम्पशी केलेल्या एक कोटी साठ लाख डॉलरच्या तडजोडीवर कडाडून टीका केली होती, आणि पॅरामाउंटच्या विलीनीकरणालाही एफसीसीची परवानगी हवी होती. निर्णय निव्वळ आर्थिक आहे, असं कंपनीचं म्हणणं. पुढच्या सोमवारी कोल्बेअरने मंचावर गाणं ठेवलं. लिन-मॅन्युएल मिरांडा आणि 'विअर्ड अल' यांकोविक आले, गाऊ लागले, प्रेक्षकांत ओळखीचे चेहरे दिसू लागले, आणि गाणं मध्येच थांबवून कोल्बेअर म्हणाला की वरून कळवलंय, हे गाणं रद्द झालं, निर्णय निव्वळ आर्थिक आहे. सीगरच्या वेळची कात्री पडद्यामागे चालली होती. इथे ती मंचावर आणून तिचाच विनोद केला. त्याच रात्री जॉन स्टुअर्टने 'डेली शो'वर गॉस्पेल गाणाऱ्यांचा ताफा उभा करून भल्यामोठ्या कंपन्यांच्या भित्रेपणावर शिव्यांनी भरलेलं समूहगान म्हटलं. त्याची वाहिनीही पॅरामाउंटचीच आहे. पण ती केबलवरची, म्हणजे तिला ना संलग्न स्टेशनांची मर्जी सांभाळावी लागते, ना एफसीसीच्या स्टेशन-परवान्याची.